वीस मिलिग्रॅमचा प्रश्न

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डोके व मान यांच्या कर्करोगासाठी पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाच्या नव्या वापराला मान्यता दिली. शस्त्रक्रियेपूर्वी दोन मात्रा आणि शस्त्रक्रियेनंतर पंधरा, प्रत्येक मात्रा २०० मिलिग्रॅमची, दर तीन आठवड्यांनी एक, असा हा क्रम आहे. ज्या चाचणीच्या आधारे ही मान्यता मिळाली तीत ७१४ रुग्ण होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या रुग्णांपैकी निम्म्यांचा रोग सुमारे ३० महिन्यांच्या आत पुन्हा बळावला किंवा त्यांना मृत्यू आला; नवे औषध मिळालेल्यांच्या बाबतीत हाच काळ सुमारे ५२ महिन्यांपर्यंत लांबला. ज्या रोगात कित्येक वर्षे सर्जनची सुरी, किरणोपचार आणि सिस्प्लॅटिन यांपलीकडे वैद्यकाला फारसे काही सापडले नव्हते, त्या रोगात हे मोठेच यश म्हणावे लागेल. विज्ञानाचे यश नाकारण्याचा करंटेपणा समाजवाद्यांनी कधी केलेला नाही आणि आताही करण्याचे कारण नाही.

पण हे यश ज्याच्या जबड्याशी निगडित आहे तो रुग्ण कोण, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. ओठ व तोंड यांच्या कर्करोगाचे भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार माणसे त्याने दगावली. जगात या रोगाच्या जितक्या रुग्णांची नोंद होते, त्यांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक एकट्या भारतातील आहेत. अमेरिका व पश्चिम युरोप येथे डोके-मानेच्या कर्करोगाचे स्वरूप गेल्या काही दशकांत पालटले. तेथे घशातील, एका विषाणूमुळे होणाऱ्या आणि उपचारांना तुलनेने चांगली दाद देणाऱ्या कर्करोगाचे प्रमाण वाढत गेले. इकडे मात्र गालाच्या आतल्या बाजूस, हिरडीवर, जिभेच्या कडेला उद्भवणारा, तंबाखू-चुना-सुपारीतून आलेला कर्करोगच आजही प्रमुख आहे. तो यंत्रमागावर बारा तास उभा राहणाऱ्याला होतो, ट्रकच्या केबिनमध्ये रात्र काढणाऱ्याला होतो, ऊसतोडीच्या फडात पहाटेपासून कोयता चालवणाऱ्याला होतो, आणि दातांना मशेरी लावून दिवसाची पहिली भूक मारणाऱ्या बाईलाही होतो. बहुसंख्य रुग्ण रुग्णालयात पोहोचतात तेव्हा रोग पुढच्या टप्प्यावर गेलेला असतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाबाहेरील पदपथांवर बोचकी उशाशी घेऊन झोपलेली कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही आकडेवारी पाठ करण्याची आवश्यकता नाही.

येथे एक सभ्य आक्षेप हमखास पुढे येतो. ही माणसे तंबाखू खातात, रोग ओढवून घेतात, मग त्यांच्यावर लाखो रुपयांची औषधे का उधळायची? त्यापेक्षा प्रतिबंधावर भर द्यावा. प्रतिबंधाचा आग्रह रास्तच आहे. पण उपचार नाकारण्यासाठी त्याचा आडोसा घेणे हे निव्वळ ढोंग होय. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि ती किती पाळली जाते हे एस. टी. स्थानकाबाहेरील कोणत्याही टपरीसमोर दोन मिनिटे उभे राहिल्यास कळते. लोकांच्या आयुष्याचा विमा उतरवणारे सरकारी आयुर्विमा महामंडळ देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीच्या सुमारे १५ टक्के भागभांडवलाचे धनी आहे. एका हाताने तंबाखूचा लाभांश घ्यायचा, दुसऱ्या हाताने सिगारेटच्या पाकिटावर सडलेल्या जबड्याचे चित्र छापायचे आणि तो जबडा प्रत्यक्षात दारी आला की ‘तुझी चूक तू भोग’ म्हणायचे, ही नीती ज्यांना सुसंगत वाटते त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. श्रीमंताच्या हृदयविकाराचा हिशेब कोणी त्याच्या ताटातल्या तुपाशी मांडीत नाही.

तेव्हा औषधांकडे वळावे. गेल्या वीस वर्षांत या रोगावर जी नवी औषधे आली त्यांचा इतिहास महिन्यांत मोजण्याचा आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेटुक्सिमॅब या प्रतिपिंडाने, रोग उलटलेल्या वा शरीरात पसरलेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान ७.४ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर नेले. २०१६ मध्ये निव्होलुमॅब आले. शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाच्या पेशी ज्या खिट्टीने जखडून ठेवतात, ती खिट्टीच काढून टाकणारे हे औषध. सिस्प्लॅटिनसारखी औषधे निष्प्रभ ठरलेल्या रुग्णांत एक वर्षानंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण त्याने सुमारे १७ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर नेले. त्यानंतर २०१९ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब पहिल्या टप्प्यापासूनच देण्यास मान्यता मिळाली. बहुतेकांना काही महिने आणि थोड्यांना काही वर्षे लाभली. ज्याच्या घरात रुग्ण आहे त्याला ‘काही महिने’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

या खिट्टीचा शोध कोणी लावला? क्योतो विद्यापीठातील तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये ती प्रथम हुडकली. या क्षेत्रातील कार्याबद्दल होंजो आणि अमेरिकेतील जेम्स ॲलिसन यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्ञान विद्यापीठात जन्मले, सार्वजनिक पैशावर पोसले गेले. त्यावरील हक्क मात्र ओनो या जपानी कंपनीकडून ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या अमेरिकन कंपनीच्या भागीदारीत गेले. शोधाचा योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून स्वतः होंजोंनाच ओनो कंपनीशी न्यायालयात भांडावे लागले. नोव्हेंबर २०२१ मध्ये तडजोड होऊन कंपनीने त्यांना ५ अब्ज येन आणि विद्यापीठाला २३ अब्ज येन देण्याचे मान्य केले. नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाची ही कथा असेल तर बीडच्या ऊसतोड कामगाराने या बाजाराकडून न्यायाची अपेक्षा कोणत्या बळावर करावी?

दुसरे औषध पेम्ब्रोलिझुमॅब. त्याची सर्व प्रकारच्या कर्करोगांसाठी मिळून २०२४ या एका वर्षात जगभर २९ अब्ज डॉलरहून अधिक विक्री झाली. भारताच्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची त्या वर्षाची संपूर्ण अर्थसंकल्पीय तरतूद सुमारे ९१ हजार कोटी रुपये होती. म्हणजे एका कंपनीची एका औषधाची विक्री शंभर कोटींहून अधिक लोकांच्या देशाच्या केंद्रीय आरोग्यखर्चाच्या दुपटीहून जास्त भरली. या दोन आकड्यांवर भाष्य करण्याची गरज नसावी.

आणि रांग अजून लांब आहे. पेटोसेमटॅमॅब नावाचे, कर्करोगाच्या पेशीवरील दोन वेगवेगळ्या खुणांना एकाच वेळी पकडणारे प्रतिपिंड अंतिम टप्प्यातील चाचण्यांत आहे. फिसेराफस्प आल्फा हे दुसरे. ते पेशीच्या वाढीचा संदेश रोखतानाच गाठीभोवतीचे प्रतिकारशक्तीला थोपवणारे आवरणही भेदू पाहते, आणि त्याच्या चाचणीत विषाणूशी संबंध नसलेल्या, म्हणजे भारतीय रुग्णाच्या रोगाशी मिळत्याजुळत्या कर्करोगावर भर आहे, हे मान्य केले पाहिजे. फुफ्फुसाच्या कर्करोगात वापरले जाणारे ॲमिव्हँटॅमॅबही या मैदानात उतरले आहे. सगळेच घोडे शर्यत जिंकत नाहीत. झेव्हिनापँट या औषधावर मोठ्या आशा होत्या. ते उपयोगी पडत नसल्याचे २०२४ मध्ये स्पष्ट झाले आणि चाचणी गुंडाळावी लागली. अशी अपयशे येणारच, आणि त्यांचा खर्च कोणीतरी सोसावाच लागतो, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. तो काही अंशी खरा आहे. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये पेटोसेमटॅमॅबची मालक कंपनी सुमारे ८ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार दुसऱ्या एका कंपनीने जाहीर केला तेव्हा ते औषध एकाही देशाच्या बाजारात आलेले नव्हते. हे ८ अब्ज डॉलर एकाही नव्या प्रयोगावर खर्च झाले नाहीत. ते एका भागधारकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेले. उद्या औषध यशस्वी ठरले की हीच रक्कम ‘संशोधनाचा खर्च’ या सोज्वळ नावाने रुग्णाच्या बिलात उतरेल.

आता या कथेचा दुसरा भाग. तो न्यूयॉर्क वा बाझेल येथे घडलेला नसून परळला घडला आहे, आणि म्हणूनच त्याकडे सत्ताधाऱ्यांचे लक्ष गेलेले नसावे.

टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये टाटा न्यासाने उभारले. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. नावात टाटा असले तरी ते सार्वजनिक रुग्णालय आहे, आणि दाराशी येणाऱ्या गर्दीनेच तेथील डॉक्टरांना निराळे प्रश्न विचारायला भाग पाडले. उपचार परवडतच नसेल तर त्याची परिणामकारकता कोणासाठी मोजायची, हा त्यांतला पहिला प्रश्न. २०२० मध्ये तेथील पथकाने ४२२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोग बरा होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांपैकी एका गटाला शिरेतून सिस्प्लॅटिन आणि दुसऱ्या गटाला केवळ तोंडाने घ्यावयाच्या दोन जुन्या गोळ्या दिल्या गेल्या: आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब. मेथोट्रेक्सेट हे आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली लेडर्ले प्रयोगशाळेत तयार झालेले औषध. सेलेकॉक्सिब तर सांधेदुखीवर दिले जाते. दोन्ही स्वस्त, दोन्ही घरी बसून घेता येण्याजोगी. सिस्प्लॅटिनच्या गटाचे मध्यक आयुर्मान ६.१ महिने भरले, गोळ्यांच्या गटाचे ७.५ महिने, गंभीर दुष्परिणामही गोळ्यांच्या गटात कमी. खाटा अडवल्या नाहीत, दर तीन आठवड्यांनी परळपर्यंतचे भाडे मोडले नाही, आणि रुग्ण अधिक जगला. कोणत्याही बहुराष्ट्रीय कंपनीने ही चाचणी कधीही केली नसती, कारण तीत विकण्याजोगे काहीच नव्हते.

त्यापुढील पाऊल अधिक धाडसी होते. निव्होलुमॅबची प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. सहा आठवड्यांत ७२० मिलिग्रॅम. टाटातील डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम देऊन पाहिले, म्हणजे सहा आठवड्यांत ४०. अठरावा हिस्सा. पुन्हा उलटलेल्या वा पसरलेल्या रोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना स्वस्त गोळ्या आणि निम्म्यांना त्याच गोळ्यांच्या जोडीला ही अल्पमात्रा. एक वर्षानंतर गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के रुग्ण जिवंत होते. अल्पमात्रेच्या गटात ४३.४ टक्के. मध्यक आयुर्मान ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या प्रमुख नियतकालिकात छापून आले. पूर्ण मात्रेची इम्युनोथेरपी गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील जेमतेम १ ते ३ टक्के रुग्णांपर्यंत पोहोचते, हेही याच संशोधकांनी तेथे नोंदवले आहे. शंभरांतील सत्त्याण्णवांसाठी तुलना ‘पूर्ण मात्रा की अल्पमात्रा’ अशी नसतेच. ती ‘अल्पमात्रा की काहीच नाही’ अशी असते.

हा चमत्कार कसा घडला? वस्तुतः चमत्कार काहीच नाही. निव्होलुमॅब माणसांवर प्रथम वापरले गेले तेव्हाच दिसून आले होते की, दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅमपासून १० मिलिग्रॅमपर्यंत कितीही दिले तरी ज्या खिट्टीवर ते जाऊन बसते तेथील जागा जवळपास सारख्याच प्रमाणात व्यापल्या जातात. कुलूप उघडायला एक किल्ली पुरते. जुडगा आणल्याने ते अधिक उघडत नाही. परंतु जुन्या विषारी रसायनोपचारांच्या काळापासून ‘सोसेल तितके द्या’ हा मात्रा ठरवण्याचा नियम चालत आला आणि मिलिग्रॅमवर किंमत ठरवणाऱ्यांना तो बदलण्याची घाई नव्हती. पुढे २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनालाच कर्करोगाच्या औषधांच्या मात्रा नव्याने तपासण्याचा प्रकल्प हाती घ्यावा लागला. ज्या कंपनीचे उत्पन्न मात्रेच्या प्रमाणात वाढते, तिने स्वतःहून कमी मात्रेची चाचणी करावी ही अपेक्षा म्हणजे सावकाराने आपण होऊन कर्जाचे खाते लवकर मिटवावे अशी अपेक्षा होय.

या संशोधनावरील आक्षेपही मांडले पाहिजेत. ते लपवणे प्रचारकाला शोभेल, समाजवाद्याला नाही. चाचणी एकाच रुग्णालयात झाली. रुग्ण अवघे १५१. अल्पमात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी केलेली नाही. तेव्हा दोन्ही तुल्यबळ आहेत असे कोणी म्हणू लागला तर ते विधान पुराव्यापलीकडचे ठरेल. शस्त्रक्रियेच्या आगेमागे देण्याच्या ज्या उपचाराला २०२५ मध्ये मान्यता मिळाली, त्यात अल्पमात्रा चालेल की नाही हे या चाचणीवरून सांगता येत नाही, आणि बरा होण्याची शक्यता असलेल्या रुग्णावर अंदाजाने प्रयोग करणे हा गुन्हा ठरेल. हे सर्व आक्षेप बरोबर आहेत. परंतु त्यांचे उत्तर आणखी मोठी, अनेक रुग्णालयांत मिळून केलेली, पूर्ण व अल्प मात्रेची समोरासमोर तुलना करणारी चाचणी हेच असू शकते. ती कोणी करावी? कंपनी करणार नाही. मग उरते ते शासन. ‘पुरावा अपुरा आहे’ असे म्हणून अल्पमात्रेकडे नाक मुरडणाऱ्या शहरी तज्ज्ञांनी आणि खात्यांनी, पुरावा पुरा करण्यासाठी किती निधी मागितला हेही सांगावे.

शासन अशा वेळी काय करते ते जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात दिसले. कर्करोगाच्या तीन औषधांवरील आयातशुल्क मोठ्या गाजावाजाने माफ झाले: ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन, ओसिमर्टिनिब आणि डर्व्हालुमॅब. स्तन, फुफ्फुस, पित्तनलिका यांच्या रुग्णांना त्याचा जो काही लाभ झाला असेल तो होवो. देशातील पुरुषांना सर्वाधिक ग्रासणाऱ्या तोंडाच्या कर्करोगासाठी मात्र यांपैकी एकही नव्हते. शिवाय शुल्कमाफी म्हणजे कंपनीने मागितलेली किंमत मुकाट्याने मान्य करून स्वतःचा महसूल सोडणे. किमतीला हात लावण्याचे शस्त्र सरकारच्याच कपाटात पडून आहे, आणि ते या देशाने मोठ्या झगड्यातून मिळवलेले आहे.

१९७० च्या पेटंट कायद्याने औषधी पदार्थावरील पेटंट रद्द केले, केवळ ते बनवण्याच्या पद्धतीवर ठेवले. त्या बळावर भारतीय औषधउद्योग उभा राहिला आणि गरीब जगाचा दवाखाना ठरला. जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली २००५ मध्ये पदार्थावरील पेटंट परत आले. तरीही त्या वेळी डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे कायद्यात काही दारे उघडी राहिली. त्यांतील एका दारातून मार्च २०१२ मध्ये सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधासाठी सक्तीचा परवाना दिला गेला आणि महिन्याला २ लाख ८० हजार रुपयांना मिळणारे औषध ८ हजार ८०० रुपयांवर आले. आकाश कोसळले नाही. संशोधन थांबले नाही. तरी त्या पहिल्या परवान्यानंतर दुसरा परवाना दिला गेला नाही. कलम ९२ अन्वये सार्वजनिक, बिगरव्यापारी उपयोगासाठी, आणि कलम १०० अन्वये सरकारच्या स्वतःच्या उपयोगासाठी पेटंट बाजूस सारता येते. वर्षाला ऐंशी हजार मृत्यू ही निकड नव्हे, असे ज्या सरकारला वाटले त्याला निकड म्हणजे काय हे विचारले पाहिजे.

झाले काय, तर हा लढा दोन कंपन्यांमधील दाव्यावर सोपवला गेला. निव्होलुमॅबचे भारतातील पेटंट मे २०२६ पर्यंतचे. झायडस या भारतीय कंपनीने त्याचे जैवसमरूप तयार केले. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्या विक्रीस तात्पुरती मनाई केली. जानेवारी २०२६ मध्ये खंडपीठाने विक्रीस वाट मोकळी केली आणि औषध बाजारात आले. न्यायालयाने जनहिताचा विचार केला हे स्वागतार्ह आहे. परंतु वीस वर्षांच्या मक्तेदारीतील शेवटचे काही महिने तेवढे कापले गेले, आणि तेही एका खाजगी कंपनीच्या हिकमतीमुळे. या साऱ्या काळात रुग्णांच्या वतीने उभे राहण्याची जबाबदारी असलेले सरकार कोठे होते? देशी भांडवलदार स्वस्त विकतो म्हणून त्याच्या गळ्यात हार घालण्याचे कारण नाही. उद्या स्पर्धक उरला नाही की त्याचीही किंमत चढेल.

पर्याय नाही म्हणणाऱ्यांनी हवानाकडे पाहावे. अमेरिकेच्या नाकेबंदीत सापडलेल्या क्यूबाने १९९४ मध्ये रेण्वीय रोगप्रतिकारशास्त्राचे सरकारी केंद्र उघडले, आणि तेथून निमोटुझुमॅब हे प्रतिपिंड जन्माला आले. डोके-मानेच्या कर्करोगावर ते भारतात २००६ पासून वापरात आहे. टाटाच्याच डॉक्टरांनी ५३६ रुग्णांवर त्याची चाचणी घेऊन २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले: किरणोपचार व सिस्प्लॅटिन यांच्या जोडीला ते दिल्यास दोन वर्षे रोग न बळावता राहिलेल्यांचे प्रमाण ५०.१ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेले. एकूण आयुर्मानातील वाढ निर्णायकरीत्या सिद्ध झाली नाही, हेही सांगितले पाहिजे. मुंबई महानगराहून कमी लोकसंख्येचा, एकेकाळी साखर विकून जगणारा, इंधनालाही मोताद असलेला देश प्रतिपिंडाचे औषध निर्माण करू शकतो, तर अणुभट्ट्या आणि चांद्रयाने बांधणाऱ्या देशाला ते का जमू नये? आणि क्यूबाच्या सरकारी प्रयोगशाळेचे हे अपत्य भारतात आले तेही खाजगी कंपनीच्या दुकानात विक्रीला ठेवण्यासाठी, याची खंत कोणाला वाटली काय?

साधने येथेही होती. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिला आणि देशी पेनिसिलीन खेड्यापाड्यांतील दवाखान्यांपर्यंत पोहोचले. त्याला भांडवल, नवे तंत्रज्ञान आणि मागणी यांवाचून वर्षानुवर्षे कुपोषित ठेवण्यात आले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची ‘अतिरिक्त’ जमीन विकून कारखानाही खाजगी हाती देण्याचा निर्णय घेतला. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातील जमिनीचा भाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना कारखान्याच्या ‘आजारा’चे निदान वेगळे सांगावे लागत नाही. आणि परळला, टाटा रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर, हाफकिन आहे. प्लेगच्या लशीच्या काळापासूनची संस्था, १९७५ पासून राज्य सरकारचे औषधनिर्मिती महामंडळ, पोलिओची लस आणि सर्पदंशावरील प्रतिविष बनवण्याचा अनुभव. एका रस्त्यावर अल्पमात्रेचा पुरावा देणारे सरकारी रुग्णालय, जवळच जैविक औषधे बनवण्याची परंपरा असलेली सरकारी संस्था. दोन्हींमधून रोज माणसांची रीघ जाते. योजना मात्र एकही गेलेली नाही.

सामुदायिक शक्तीने किंमत खाली येते याचा पुरावाही परळनेच दिला आहे. टाटाच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील २३ रुग्णालयांनी एकत्र येऊन ४० औषधांची खरेदी केली तेव्हा सुमारे १,३२० कोटी रुपये वाचले. काही औषधांच्या किमती तर ९९ टक्क्यांपर्यंत उतरल्या. तीच औषधे, त्याच कंपन्या. फरक इतकाच की, विक्रेत्यापुढे एकटा रुग्ण नव्हता. कामगार चळवळीला हे गणित कोणी शिकवण्याची गरज नाही. एकट्याने मजुरी मागणारा आणि संघटनेमार्फत मागणारा यांतील अंतर तिने गिरणगावात रक्त आटवून शिकले आहे. तरी हे कबूल केले पाहिजे की, कामगार संघटनांच्या मागणीपत्रांत महागाईभत्ता असतो, बोनस असतो, औषधाच्या किमतीला क्वचितच स्थान असते. औषधाचा भाव हा डॉक्टरांचा विषय नव्हे. तोही मजुरीचाच प्रश्न आहे, कारण जबड्याची गाठ निघाली की कष्टकऱ्याच्या घरातून प्रथम जमीन जाते, मग दागिना जातो, मग मुलीची शाळा.

राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली आहे. पूर्ण मात्रेच्या इम्युनोथेरपीपुढे हे पाच लाख किती काळ टिकतील हे रुग्णालयाच्या दुकानात विचारावे. अठराव्या हिश्श्याच्या मात्रेत तेच पैसे पुरून उरतील. म्हणून मागणी साधी आहे: रोग बरा होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांसाठी गोळ्या आणि अल्पमात्रा यांचा एकत्र उपचार या योजनेत घ्यावा, त्याच्या परिणामांची नोंद प्रत्येक जिल्ह्यातून ठेवावी, आणि पूर्ण मात्रेशी समोरासमोर तुलनेचा खर्च केंद्राने उचलावा.

या मागणीच्या आड आज काय येते पाहा. निव्होलुमॅब ४० आणि १०० मिलिग्रॅमच्या कुप्यांत मिळते. उघडलेली कुपी फार काळ टिकत नाही. वीस मिलिग्रॅम द्यावयाचे तर एका कुपीसाठी किमान दोन रुग्ण एकाच दिवशी, एकाच ठिकाणी हजर असावे लागतात. परळला ते जमते, कारण तेथे रांगच असते. नंदुरबारला, हिंगोलीला, गडचिरोलीला एकट्याने आलेल्या रुग्णासमोर निम्मी कुपी फेकायची की त्याला आठ दिवसांनी पुन्हा बोलवायचे, असा पेच पडणार. वीस मिलिग्रॅमची कुपी कोणती कंपनी भरणार, आणि का भरावी? हाफकिनने घाऊक औषध विकत घेऊन ती भरावी. त्यासाठी नवा शोध लागत नाही, नवा कायदा लागत नाही. एक निर्जंतुक भरणयंत्र, औषध नियंत्रकांची परवानगी आणि मंत्रालयातील एका फायलीवर एक सही लागते.